तीन ठोके

टक. टक-टक. एवढंच. पिंपरी-चिंचवडच्या पोराला आधी बाराखडी येते की हे तीन ठोके, देव जाणे. वर्गातल्या बाकावर, रिक्षाच्या टपावर, हिंजवडीच्या जाममध्ये अडकलेल्या कॅबच्या दारावर, लग्नाच्या वरातीत डीजे सुरू व्हायच्या आधी, सगळीकडे ते वाजतात. ठोके पडले की कुणीतरी पुढची ओळ म्हणतंच, ‘दोन हात माझे, दोन बटणं तुमची, मधला जीव कुणाचा, कुणाचा?’ २०१० साली ब्लूटूथवरून या फोनातून त्या फोनात पसरलेलं हे ‘दाब’ नावाचं रॅप. आता त्याचे टी-शर्ट निघतात. निवडणुकीच्या गाड्यांवरही ते वाजतं, आणि ज्या मालक-पुढाऱ्यांवर ते लिहिलं होतं त्यांच्याच गाड्यांवर वाजतं. लाज कोळून प्यायली की सगळं पचतं.

ते रॅप ज्याने लिहिलं आणि म्हटलं, तो धम्मरत्न आता बेचाळीस वर्षांचा होता. चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि दर सोमवारी नव्या पोरांना सुरक्षेचे धडे द्यायचा. पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणं का असतात, हे तो अगदी रंगवून सांगे. दोन्ही हात बटणांवर असले तरच घण खाली येतो, म्हणजे एकही हात खालच्या साच्यात, डायमध्ये, राहत नाही. पोरं मान डोलवायची आणि मागच्या बाकावरचा कुणीतरी हळूच ठोकायचा, टक, टक-टक. पोरांना वाटे, सरांचा मान राखला. सर मात्र पाठ फिरवून उगाच फळा पुसत राहायचे. पंधरा वर्षांत ते ठोके त्यांना एकदाही नुसते ठोके वाटले नव्हते.

घरीही सुटका नव्हती. बायको विजयश्री कुकरचं झाकण पुसताना नकळत ते ठोके वाजवायची, आणि हा ताटावरून उठून गॅलरीत जायचा. तिला वाटायचं, मोठ्या कलावंताचे नखरे. स्टेज त्याने कधीच सोडलं होतं. मुलाखतीत मात्र एक प्रश्न हमखास यायचा, ते सुरुवातीचे ठोके कसले? त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. शिफ्ट सुटल्यावर लॉकरच्या दारावर ठोकलं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं, सुजित नावाच्या मित्राने घरच्या कॉम्प्युटरवर जोडलं. लोकांना ते इतकं आवडलं की आता कार्यक्रमांत स्टेजवर खराखुरा लॉकर आणून ठेवतात.

या वर्षी गाण्याला पंधरा वर्षं झाली म्हणून पिंपरीच्या नाट्यगृहात मोठा कार्यक्रम ठरला होता. त्याच्या आदल्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, एक मुलगी घरी आली. विशीची असेल. तिने सांगितलं की ती रॅप करते, ‘दाब’ तीच म्हणणार आहे, आणि गाण्याआधी त्याची खरी गोष्ट सांगणार आहे. धम्मरत्नने लॉकरची गोष्ट सुरू केली. ती वहीत लिहीत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, ‘काका, नक्की लॉकरच ना? बाबा म्हणाले, नीट विचारून ये.’

बाबा कोण, असं त्याने विचारलं.

‘ज्योतीराम. तुमच्याच कंपनीत होते, सेकंड शिफ्टला. त्यांच्या हाताला लागलं होतं.’

तिचं नाव मिनल. तिला त्याने बारशाला पाहिलं होतं. त्याने पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तसाच वाहू दिला. बाहेर आल्यावर म्हणाला, उद्या सांगतो, जुनं आहे, आठवावं लागेल. आठवायचं काय होतं त्यात? एक दिवस विसरला असता तर शप्पथ.

तेव्हा तो स्वतः प्रेसवर होता, पहिल्या शिफ्टला. ती तीनला सुटायची आणि दुसरी, ज्योतीरामची, त्याच प्रेसवर साडेतीनला लागायची. त्या अर्ध्या तासात कारखान्यातली बाकी यंत्रं गप्प असत. त्याला गाण्याखाली प्रेसचा आवाज हवा होता, एकटा आणि स्वच्छ. पण प्रेस चालवायला दोन हात लागतात, आणि मोबाइल खाली ठेवला तर हादऱ्याने आवाज फाटायचा, मग तो कोण धरणार? त्याने रेकॉर्डिंग चालू करून फोन टूलबॉक्सवर ठेवला, लाकडाची पाचर डाव्या बटणाच्या फटीत घातली आणि पान्याने ठोकली. टक. टक-टक. बटण दाबलेलं राहिलं. मग डाव्या हातात फोन, उजव्या हाताने प्रेस, चार मिनिटं. आवाज इतका सुरेख आला की त्याला हसू फुटलं. तेवढ्यात कंपनीच्या बसने हॉर्न दिला. तो पळत सुटला, आणि पाचर बटणातच राहिली.

साडेतीनला ज्योतीराम मशीनवर आला. पत्रा वाकडा बसला म्हणून त्याने डावा हात आत घातला. उजवा हात सवयीने बटणावर टेकलेला होता. डावं बटण सुटं असताना घण येतोच कसा? घण आला. डाव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

चौकशीत पाचर सापडली. जास्त माल काढायला ऑपरेटर पाचर मारतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्योतीरामने हावरटपणा केला असं कागदावर आलं आणि त्याला घरी बसवलं. धम्मरत्न तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. दोन दिवस त्याला वाटत राहिलं की आज सांगू, मग वाटलं उद्या सांगू. आठव्या दिवशी गाणं आलं आणि जग डोक्यावर घेऊन नाचायला लागलं.

रविवारी दुपारी तो चऱ्होलीला गेला. ज्योतीराम तिथल्या एका नव्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन होता. केबिनमध्ये एक खुर्ची आणि एक स्टूल होतं. त्याने खुर्ची धम्मरत्नला दिली. धम्मरत्नने फोनवर मूळ रेकॉर्डिंग लावलं, कुणालाच कधी पूर्ण न ऐकवलेलं. ठोके पडले. मग प्रेस, धाड, धाड, धाड. मग बसचा हॉर्न, धावती पावलं, आणि संपलं. ज्योतीराम डोळे मिटून ऐकत होता.

‘भाऊ, ती पाचर...’

‘ठावं हाय,’ ज्योतीराम म्हणाला. ‘गानं पयल्यांदा ऐकलं तवाच कळलं. लॉकरचा पत्रा आसा वाजत न्हाई. लाकूड हाय ते. मी बारा वर्सं प्रेसवर काडली, धम्मा.’

मग इतकी वर्षं का बोलला नाहीत, असं धम्मरत्नने विचारलं. ज्योतीरामने गेटकडे पाहिलं. कोण ऐकणार होतं, तो म्हणाला. कागदावर सही झाली होती, गाणं पोरापोरांच्या तोंडी होतं, आणि मिनललाही आवडायचं. ती चार वर्षांची असताना त्याच्या मांडीवर बसून त्याच्या अंगठ्याने ते ठोके वाजवायची.

‘मला तुझं काय बी नगं. घरी चल आन् माज्या बायकूला, नीलाला सांग. तिला वाटतंय मी हावरेपनानं हात घालवला.’

ड्यूटी तीनला सुटली. धम्मरत्नच्या मोटारसायकलवर ते दोघं कुरुळीला निघाले. मागे बसलेल्या ज्योतीरामने तोल सांभाळायला डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. एक अंगठा टोचत होता, आणि पुढे जिथे चार बोटं असायला हवी होती तिथे काहीच नव्हतं. मोशीच्या सिग्नलला शेजारच्या टेम्पोतल्या पोराने दारावर ठोकलं, टक, टक-टक. खांद्यावरचा अंगठा जरासा दाबला गेला आणि सैल झाला. धम्मरत्नला रडू आवरेना. हेल्मेटची काच खाली होती म्हणून कुणाला दिसलं नाही.

कुरुळीत एका चाळीत दोन खोल्या होत्या. दार उघडंच होतं. नीला मेथी निवडत बसली होती, आणि मिनल आतल्या खोलीत गाण्याचा सराव करत होती. पाहुणा बघून नीलाने पदर सारखा केला आणि चहा ठेवायला उठली.

‘बसा वहिनी,’ धम्मरत्न उभ्यानेच म्हणाला. ‘ती पाचर ज्योतीभाऊंनी मारली नव्हती. मी मारली होती. गाण्यासाठी. आणि काढायची विसरलो.’

आतला आवाज थांबला. मिनल दारात आली. धम्मरत्नला वाटलं होतं, नीला शिव्या देईल, हाकलून देईल. त्याची त्याने तयारी केली होती. पण तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

‘तुमी मला का न्हाई सांगितलं?’ तिने विचारलं.

ज्योतीराम चप्पल काढत होता. एका हाताने पट्टा निघायला त्याला नेहमीच वेळ लागायचा.

‘तू कदी इचारलंच न्हाईस,’ तो म्हणाला.