मराठीतून दिलेला पेपर

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने गिरगाव पेटलेलं असताना राजलक्ष्मी विजयकर प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला गेली. परळ-लालबागची हुशार मुलं सायन्सच्या पहिल्याच वर्षी का गळतात, हा तिचा विषय होता. मराठी शाळांतून आलेली ही मुलं भौतिकशास्त्राच्या ज्या इंग्रजी पेपरात नापास झाली होती, तोच तिने त्यांना मराठीतून दिला आणि निम्म्याहून जास्त मुलं पास झाली.

"हे प्रकरण गाळ," मार्गदर्शक देसाईसर तिला म्हणाले होते. "सध्याच्या दिवसांत पदवी अडकेल." तिने ते गाळलं नाही.

परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उघडलं. "बाई, हे संशोधन आहे की संयुक्त महाराष्ट्र समितीचं पत्रक?"

देसाईसर खाली मान घालून बसले होते.

"सर, पेपर दुसऱ्यांदा सोडवला म्हणूनही मुलं पास झाली असतील," ती कशीबशी म्हणाली. "ती शंका मीच तिथे लिहिली आहे."

परीक्षकांनी ते पान शोधून वाचलं. "मग शंका फेडा. नवी मुलं घ्या, नवा पेपर मी काढतो. पदवीचं त्यानंतर बघू."

म्हणजे आणखी एक वर्ष. देसाईसर तिच्यामागोमाग बाहेर आले.

"तुझं लग्न ठरतंय ना? घरी काय सांगशील?" देसाईसरांनी विचारलं.

"ठाऊक नाही, सर," ती म्हणाली आणि नव्या मुलांसाठी परळच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना गाठायला ट्रामकडे वळली.