पुलावर थांबलेला माधव

माझ्यावर टाकलेली ही जुनी साडी जरा बाजूला करा, मग बोलतो. मी सेलूच्या बंडूजींच्या दुकानातला कॉम्प्युटर. खिडकीजवळ बसायचो तो.

बंडूजी मूळचे साडीवाले. २००५ साली त्यांनी अर्ध्या दुकानात सायबर कॅफे थाटला. इंग्रजी येत नव्हतं, पण गिऱ्हाईक कळायचं. ऑनलाइन खेळातला एक टप्पा संपला की गोष्ट पुढं नेणारा व्हिडिओ इंटरनेटवरून यायला वेळ लागे. पडद्यावर नुसतं वर्तुळ फिरायचं. तेवढ्यात खेळणारे आळस देत, घड्याळ बघत आणि चालू लागत.

बंडूजी म्हणाले, "बाईनं हातातली साडी खाली ठेवायच्या आत दुसरी उलगडली पाह्यजे. नाई तं चपला शोधते!"

कुणाकुणाला विचारून त्यांनी मलाही तेच शिकवलं. खेळणारा गुंतलेला असतानाच पुढचा व्हिडिओ गुपचूप आणून ठेवायचा. सांधा दिसू द्यायचा नाही. मग माझ्यासमोर बसलेल्याला चहासुद्धा आठवत नसे. मला त्याचा फार गर्व.

रविवारी दुपारी इला यायची. तिचा भाऊ माधव पुण्याला नोकरीला. ही इथून, तो तिथून, खेळ एकच. हेडफोनमधून तो ओरडायचा, "चाल ना वं! गोगलगाय झाली का? मी पुलावर कवाचा उभा आहो!"

एकदा पुलावरच खेळ थांबवून तो म्हणाला, "बसची वेळ झाली. घरी येऊन राह्यलो. आल्यावर पूल संगच पार करू."

कारंज्याजवळ बस उलटली. माधव घरी आलाच नाही.

महिन्यानं इलानं खेळ उघडला. त्याचा गडी पुलावर तसाच उभा. ती बघत राहिली, आणि थांबायची मुदत संपताच खेळातला पूल आपोआप ढासळू लागला.

"काका! पूल पडला का खेळ त्याले काढून टाकते. पूल पडायचा व्हिडिओ नका येऊ देऊ!"

बंडूजींनी धावत येऊन इंटरनेटची वायर उपटली.

उशीर झाला होता. सवयीनं तो व्हिडिओ मी कधीच आणून ठेवला होता. पण आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं वागलो. रिकामं वर्तुळ फिरवत बसलो. वर्तुळामागं माधव उभाच.

"बस पोरी, पाह्यजे तेवढी बस," बंडूजी म्हणाले. फिरत्या वर्तुळासमोर गिऱ्हाइकाला थांबा म्हणताना मी त्यांना तेव्हाच ऐकलं.

जाताना ती म्हणाली, "बंद नका करू. मी येईन."

कॅफे मोडला, दुकानात पुन्हा साड्या आल्या. बंडूजींनी लोडशेडिंगसाठी बॅटरी जोडून मला मागच्या खोलीत जागा दिली. इला अजून आली नाही. भर दुपारी, कुठंही न जोडलेल्या त्या हेडफोनमधून आवाज येतो, "कवाचा उभा आहो..." बंडूजींना ऐकू येतो की नाही, ठाऊक नाही. पण ते दार ओढून घेतात.

इला भेटली तर सांगा, व्हिडिओ माझ्यापाशी आहे. तिनं समोर बसावं, मग मी सोडतो. एकट्यानं माझ्याच्यानं तो पूल पाडवत नाही.