पुढचं बटण

‘पुढे’चं बटण उगाच कुलूपबंद करू नका, हे मी संगणकावरचे प्रशिक्षणाचे कोर्स बनवणाऱ्या आमच्या ऑफिसात घसा बसेपर्यंत सांगते. चार ओळी वाचायला लावायच्या आणि बटण अडवून धरायचं, म्हणजे शिकणारा वाचत नाही, आपल्या नावाने बोटं मोडतो. कुलूप फक्त तिथे लावायचं, जिथे चुकलं तर जीव जाईल. टाकीसफाईच्या कोर्समध्ये मी ते एकाच पडद्यावर लावलं होतं. आत उतरण्याआधी हवा तपासायची. हवा तपासायचं मीटर माउसने ओढून टाकीच्या तोंडाशी नेलं नाही, तर बटण उमटायचंच नाही.

कोर्स होता माझा धाकटा भाऊ कामाला आहे त्या कारखान्याचा. सॉफ्टवेअरमधली तयार गुळगुळीत माणसं पाहून कामगार फिदीफिदी हसतात, म्हणून मी धाकट्यालाच हेल्मेट घालून उभा केला. फोटो त्याचे, आवाजही त्याचाच. स्वारी भलतीच खूश! दिवसभर माझ्या शेजारी बसून एकच भुणभुण, “ताई, यात मी जरा जाडा दिसतोय गं.”

कोर्स कारखान्यात सुरू झाला त्याच दुपारी, जेवण उरकून, मी हेडफोन लावून तो सहज चालवून पाहिला. हवा तपासायच्या पडद्यावर धाकटा टाकीबाहेर उभा असायला हवा होता. तो आत होता. शिडीवर बसलेला, गुडघ्यांत डोकं घालून. असा फोटो आम्ही काढलाच नव्हता.

मग कानात त्याचा आवाज आला. “ताई, पुढचं बटण येत नाहीये.”

“या कार्ट्याला ना!” मी म्हटलं. गंमत म्हणून भरून ठेवलं असणार. आवाजाच्या सगळ्या फाइली ऐकल्या, हे वाक्य कशातच नव्हतं. फोटो उडवला आणि पुन्हा चालवलं. तो होताच, फक्त आधीपेक्षा एक पायरी खाली. “ताई, पुढचं बटण येत नाहीये गं.” आता त्याला धाप लागली होती.

मी त्याला फोन लावला. “कसली रे चेष्टा लावलीयस?”

“कसली चेष्टा? मी टाकीपाशी उभाय. आता उतरणार.”

“कोर्स केलास?”

“केला की! तुझा तो कोपरा दाबला आणि थेट शेवटी. पास!”

तो कोपरा! काम करताना दर वेळी सगळा कोर्स पहिल्यापासून चालवायला नको, म्हणून आम्ही कोपऱ्यात एक न दिसणारं बटण ठेवतो. दाबलं की शेवटचा पडदा. कोर्स बाहेर पाठवण्याआधी ते काढायचं असतं. मी काढलं नव्हतं, आणि या दीडशहाण्याने शेजारी बसून ते पाहून ठेवलं होतं.

“हवा तपासलीस?”

“अगं, सकाळपासून उघडीच आहे टाकी. मुकादम खोळंबलेत.”

“मीटर आत सोड.”

“ताई, सगळे बघतायत. लाज काढू नकोस माझी.”

“बघू देत! मीटर सोड, नाहीतर तिथे येऊन चारचौघांत कान उपटीन. आईची शपथ आहे तुला!”

तो पुटपुटत दूर गेला. दोरी घासल्याचा आवाज आला आणि मग मीटर असं किंचाळलं की मी फोन कानापासून लांब धरला. कोणीतरी ओरडलं, “मागे व्हा रे सगळे!”

“ताई,” धाकट्याचा आवाज पार बसला होता, “आत हवाच नाहीये गं.”

मी त्याला गाढव म्हटलं, मूर्ख म्हटलं आणि ढसाढसा रडले. तोही रडत होता. तेवढ्यात टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून पुन्हा आलं, अगदी क्षीण, “ताई... पुढचं बटण...”

“कोण गं ते?” फोनवरून धाकट्याने विचारलं. “माझ्यासारखंच बोलतंय.”

“तू सरळ घरी जा,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पडद्यावर तो शेवटच्या पायरीवर होता. लॅपटॉप मिटायला हात गेला, पण मिटवेना. माझा फोन वेळेवर लागला नसता तर टाकीत उतरला असता, तो हा. हाही माझाच धाकटा. मी कुलूप काढायला घेतलं आणि एकदम आठवलं, ‘पुढे’ म्हणजे टाकीचा तळ. पुढचा पडदाच तो.

मग मी नवीन बटण तयार केलं. त्यावर लिहिलं ‘बाहेर’, आणि ते पहिल्या पडद्याला जोडलं, जिथे तो कारखान्याच्या फाटकाशी हसत उभा असतो. कोर्स चालवला आणि हात मांडीवर ठेवून बसले. बटण आपोआप दाबलं गेलं.

फाटकाशी तो उभा होता. हेल्मेट काढलेलं, केस घामाने निथळलेले. बराच वेळ त्याचा श्वासच ऐकू येत राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “यात मी जरा दमलेला दिसतोय गं.”

कोपऱ्यातलं बटण मी तेव्हाच काढलं. तो फोटो मात्र अजून तसाच ठेवला आहे.