टीसीचा नारळ

दानम्माचं डोकं सकाळपासून टीसीनं उठवलं होतं. ताप जाईना म्हणून नवरा, जगदेवप्पा, बीदरला रक्त तपासून आलेला. कागदावर म्हणे टीसी वाढलेली. शेतातला ट्रान्सफॉर्मर जळालेला, त्यालाही सगळा मुलूख टीसीच म्हणतो.

"म्हाताऱ्याच्या रक्तात टीसी हाय व्हय? मग जोडा मोटार त्यालाच!" दानम्मा कडाडली.

नात चैत्रा हसली नाही. "अव्वा, त्या रक्तातल्या पेशी. जंतू शिरले की वाढतात. गोळ्यांनी उतरतील." या घरात एका प्रश्नाला एकदाच, नीट उत्तर देणारं माणूस तेवढंच होतं. बाकीचे 'तुला न्हाई कळायचं' म्हणून मोकळे.

मुलगा अनिलकुमार नवी टीसी आणायला ट्रॅक्टर घेऊन कमलनगरला निघाला. अद्रकाचे कोंब पाण्यावाचून वाळत होते. उंबऱ्यातून सून भुवनेश्वरी हळूच म्हणाली, "जाताना शाळेतून चैत्राची टीसी बी घ्या."

"आता पोरीला कसली टीसी लागली?"

"शाळा सोडल्याचा दाखला, अव्वा," चैत्रानं मान खाली घातली. "मला बीदरला मामाकडं ठेवायलेत."

दानम्मा गप्प बसली. ती शिव्या द्यायची तेव्हा घर निवांत असायचं; गप्प बसली की भांडीसुद्धा जपून घासायचे.

दुपारी नवी टीसी खांबावर चढली. खांब दानम्माच्या रानात, त्यामुळं तिनं नारळ फोडल्याशिवाय लाइन चालू होत नसे. बायांनी नारळ फोडू नये असं एकदा एक जण बोलला होता. परत बोलला नाही. आज मात्र ती नारळ काखेत धरून उभी.

"आधी सांग, दुसरी टीसी आणलीस का?"

"अव्वा, लोक खोळंबलेत," अनिलकुमार म्हणाला.

"खोळंबू दे! मला न इचारता पोरगी उपटून न्यायलास, आन् मी तुझा डबा पुजू?"

अनिलकुमार लाइनमनकडं बघायला लागला. बोलली ती भुवनेश्वरी.

"आत्याबाई, इथली शाळा सातवीला संपती. तुम्ही दुसरीत थांबलाव, मी सातवीत. हिनंबी थांबायचं का?"

सुनेचं हे बोलणं चारचौघांत. दानम्माच्या जिभेवर चांगलं धारदार आलं होतं, पण ते कुठं मारावं कळेना. ती चैत्राकडं वळली.

"तुला जायचंय?"

"जायचंय." मग हळूच, "पण तुला कागद कोण वाचून दाखवंल?"

"तुझ्या बापानं फोन कामून घेतलाय, रील बघायला?" असं म्हणत तिनं नारळ असा आपटला की पाणी लाइनमनच्या बुटावर उडालं. खटका पडला, मोटार घुमली.

अनिलकुमारनं खिशातून दाखला काढला. तिनं तो हिसकून चैत्राच्या हातात दिला.

"तूच सांभाळ. आन् रोज सांजेला फोन कर. आज्ज्याची टीसी वाढली म्हणून तुझ्या बापाला सांगावं, तर तो पाना घेऊन यील!"