वॉटीची मेणबत्ती

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाचं एक जुनं पिंप आहे. पर्थ गावात मर्डो पिटकेथलीचं किराणा दुकान आहे, त्याच्या तळघरात माझा मुक्काम. उत्तरेकडची धुरकट व्हिस्की आणि दक्षिणेकडची सौम्य व्हिस्की मर्डो माझ्यात एकत्र ओतायचा आणि लोणच्यासारखी मुरू द्यायचा. त्या वेळी तिला नावही नव्हतं.

मर्डोचा धाकटा भाऊ वॉटी फार हसरा होता. मला तो फार आवडायचा. एका धुक्याच्या दुपारी, मी पुरतं रिकामं झालं का हे बघायला तो मेणबत्ती घेऊन आला. त्याची बायको एफी जिन्यावरून ओरडली, "अहो, आधी पाण्यानं विसळा ते!"

"अगं, रिकामं पिंप काय खाणार आहे मला?" वॉटी हसला.

माझ्यात थेंब नव्हता, पण व्हिस्कीची वाफ भरून होती. ज्योत भोकाशी आली, वाफेचा भडका झाला आणि माझं झाकण उडालं, ते थेट त्याच्या छातीवर. वॉटी गेला.

पिंपाचं नाव निघालं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, म्हणून मर्डोनं गावभर सांगितलं, "जिन्यावरून पडला बिचारा." सांगून सांगून त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं. मला नवं झाकण बसलं. आतून मी होरपळलं होतं, त्यामुळे पुढची व्हिस्की अशी काही उतरली की पाद्रीबाबासुद्धा ओठ चाटू लागले. मर्डोनं तिला भावाचंच नाव दिलं, 'वॉटीज'. चव जाईल म्हणून मला विसळायला सक्त मनाई झाली.

आज बाटलीवरच्या चित्रासाठी एडिंबरोहून चित्रकार आला आहे. हसरा वॉटी मेणबत्ती धरून पिंपात डोकावतोय, असं चित्र हवं आहे. वॉटीच्या जागी मर्डो बसला आहे. मी कालच रिकामं झालं आहे.

"उजेड कमी पडतोय. ज्योत जरा भोकाजवळ आणा," चित्रकार म्हणतो.

एफी धडधडत जिना उतरते आहे. "भावोजी, विझवा ती! तुमच्या पाया पडते!"

"अगं, रिकामं पिंप काय खाणार आहे मला?" मर्डो हसतो. अगदी भावासारखा.

मित्रांनो, मला विसळा हो! कुणीतरी विसळा. मी रिकामं नाही. एफी अजून शेवटच्या पायरीवर आहे, आणि मेणबत्तीची ऊब मला लागू लागली आहे.