कोरडी मिरी

तेजो नदीच्या मुखाशी पाणी काळं झालं होतं. सहा महिन्यांपूर्वी गोव्याहून निघालेलं ‘सांता एउलालिया’ जहाज काल दुपारी वादळात सापडलं, आणि घर एका हाकेवर आलेलं असताना किल्ल्याखालच्या खडकांवर फुटलं. त्याच्या पोटातली मिरी आता लाटेमागून लाटेबरोबर किनाऱ्याला लागत होती. मिरी राजाची आहे, जो हात लावेल त्याला फटके, अशी दवंडी सकाळीच झाली होती. पण शिपाई चार आणि किनारा कोसभर. सगळा गाव टोपल्या, चादरी, परकराचे ओचे घेऊन वाळूत उतरला होता.

ब्रिझिदाच्या हातात टोपली नव्हती. तिचा नवरा बेल्शिओर त्या जहाजावर होता. फळ्यांच्या फटींत पिंजलेला दोर ठोकून वर डांबर भरायचं, हे त्याचं काम. काल चाळीस माणसं जिवंत बाहेर आली. त्यांत तो नव्हता. चर्चच्या अंगणात सतरा प्रेतं मांडली होती. त्यांतल्या प्रत्येकाच्या तोंडावरचं फडकं उचलून तिनं पाहिलं. त्यांतही तो नव्हता.

“अगं, निदान ओंजळभर तरी घे,” शेजारची लेओकादिया म्हणाली. तिचा ओचा भरून ओघळत होता. “दोन वर्षं वाट पाहिलीस त्याची. काहीतरी हाती लागू दे.”

“माझं काय हाती लागायचंय ते मी शोधतेय.”

“शोध बाई. समुद्र घेतलेलं परत देत असता, तर माझे दोन भाऊ आज जेवायला असते.”

लेओकादियाचं म्हणणं खोटं नव्हतं. ब्रिझिदा तशीच पाण्याच्या कडेनं पश्चिमेकडे चालत राहिली. किनारा संपून कडा सुरू होतो तिथं माणसं नव्हती, मिरीही विरळ होती. कालपासून पाण्यात पडलेली मिरी फुगून मऊ झाली होती आणि जड होऊन तळाशी लोळत होती. पाय पडला की साल सुटायची.

पण तिथं, घोट्याभर पाण्यात, काही दाणे तरंगत आले.

ती वाकली. दाणा बोटांत दाबला, दबला नाही. दाताखाली धरला तसा कडकन फुटला आणि जीभ पेटली. मागच्या खेपेला बेल्शिओरनं आणलेली मूठभर मिरी तिनं वर्षभर पुरवली होती. कोरडी मिरी कशी लागते, हे तिला कोणी सांगायला नको होतं. बाहेरून ओली, आतून खडखडीत. म्हणजे हे दाणे पाण्यात पडून तासही झाला नव्हता.

ती थांबून विचार करू लागली. जहाज तर काल फुटलं. मग आज कोरडी मिरी कुठून येतेय? मिरीच्या कोठीच्या फटी बेल्शिओर स्वतः बुजवायचा, आत थेंब जात नाही म्हणून मिरवायचा. तसली एखादी कोठी जहाजापासून अख्खी तुटून वाहत गेली असेल, आणि तिला धरून माणसंही, तर? भरती चढत होती आणि दाणे पश्चिमेकडून येत होते. पश्चिमेला कड्याआड लांडग्याची खोबण होती. तिथं वरून उतरायला वाट नाही. हाकही लाटांच्या आवाजात विरून जाते.

ती धावत मागं आली. म्हातारा आमारो आपल्या होडीतून बारीक जाळ्यानं मिरी उपसत होता. होडी काठोकाठ भरली होती.

“आमारोकाका, मला खोबणीत न्या.”

“आत्ता? पोरी, शुद्धीवर आहेस का? दहा वर्षांत असं घबाड नाही मिळालं!”

“बेल्शिओर तिथं असेल.”

म्हाताऱ्यानं नजर खाली वळवली. “समुद्रानं गिळलं ते गिळलं, बाळ.”

तिनं मूठ उघडून त्याच्यापुढं धरली. “चावून बघा.”

आमारोनं दाणा चावला. त्याच्या भुवया वर गेल्या. “कोरडी आहे की गं!”

“तिथं अख्खी कोठी कोरडी असेल. माझा माणूस नाही मिळाला, तर सगळी तुमची.”

“मग उभी काय राहिलीस? ते दुसरं वल्हं घे!”

वळसा घालायला तासभर लागला. खोबणीत, दोन खडकांच्या बेचक्यात, जहाजाच्या कुशीचा, मिरीच्या कोठीसकट तुटलेला घराएवढा तुकडा अडकला होता. त्यावर तीन माणसं होती. दोघं उभं राहून हात हलवत होते. तिसरा पालथा पडून लोखंडी पटाशीनं एका फटीतला दोर उपटत होता, आणि त्या फटीतून मिरीची काळी धार पाण्यात पडत होती.

“बेल्शिओर!”

त्यानं मान वर केली. ओठ फुटले होते, पाय सुजून काळानिळा झाला होता.

“ओरडून घसा गेला,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “मग म्हटलं, मिरी सोडू. माणसांना शोधत कोण येतंय? मिरीच्या वासावर मात्र कोणीतरी येईलच.”

आमारोनं टोपी काढली आणि उगाच कान खाजवला.

“मी आले की,” ब्रिझिदा म्हणाली.

“तू आलीस,” तो म्हणाला आणि हसला. मग त्याला रडू आलं. “आयुष्यभर फटी बुजवल्या गं. ही पहिलीच उघडली.”

आता होडीत आणखी एका माणसापुरतीही जागा नव्हती. ब्रिझिदानं म्हाताऱ्याकडं पाहिलं. तो कोठीतून पडणाऱ्या कोरड्या मिरीकडं पाहत होता, मग आपल्या होडीतल्या ढिगाकडं. त्यानं एक सुस्कारा सोडला, ढिगातून टोपली भरली आणि पाण्यात रिकामी केली. मग दुसरी.

“बघत काय बसलीस? हात लाव!” तो खेकसला. “राजाची मिरी राजाच्या समुद्रात. फटके तरी वाचले.”

परतताना बेल्शिओरचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

“घरी काय शिजवलंयस?” त्यानं विचारलं.

“काही नाही. कोबीचं सार करीन.”

“कर. फक्त,” डोळे मिटत तो म्हणाला, “मिरी घालू नकोस.”