कुंपणाच्या फांदीतलं डिझेल

बोईसरच्या बाजारात त्या दिवशी भाजीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. सगळी गर्दी भगव्या मंडपाशी. चंद्रज्योतबाबाने इंजिनाच्या टाकीत फडकं फिरवून दाखवलं. कोरडं! मग लाल कापडात गुंडाळलेली हिरवी फांदी पिळून चार थेंब चीक टाकीत सोडला, चेल्याने हँडल मारलं आणि इंजिन धडधडू लागलं.

"ना पानी, ना खाद! कातळावर लावा, देव डिझेल देईल! मात्र उष्ट्या जमिनीत नाही. आधीचं पीक उपटायचं!"

लोकांनी हात जोडले. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनीसुद्धा. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवतो. मला शिसारी आली. ती फांदी साध्या मोगली एरंडाची होती. घरोघरी कुंपणाला असतो, गुरंही तोंड लावत नाहीत. कुंकू फासल्यावर लोकांना स्वतःचं कुंपण ओळखू येईना!

काकड्या विकायला आलेली सोमी बाबाकडून घेतलेली फांद्यांची मोळी कवटाळून उभी होती. "गुरुजी, बाबाचं ऐकून माजा दादला सकाळपासून नागली उपटतोय. तिथं ह्याच लावायच्या." त्या नाचणीवरच त्यांचं वर्षाचं खाणं होतं.

तेवढ्यात "यंत्रदेवता थकली" म्हणत बाबा इंजिन बंद करायला वाकला.

"हात नको लावू!" सुके बोंबील विकणारी जवळच्या माहीमची मैनाबाई उठली. "आमची बोट हाय. टाकी सुकली तरी फिल्टरात न् नळीत उरलेल्या डिझेलवर मशीन थोडा वेळ चालतंच. चालू दे तासभर!"

"पापिणी, शाप लागेल!"

"लागू दे. मशीन चालव."

सहाव्या मिनिटाला इंजिन खोकलं आणि गप्प झालं. मी आणखी फांद्या पिळून चीक ओतला, हँडल मारून दंड भरून आले. इंजिन ढिम्म! बाबा केव्हाच पसार. मुख्याध्यापक म्हणाले, "कलियुगात सिद्धी टिकत नाही हो." त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

या झाडाच्या बियांत तेल असतं, ते जळतं, हे खरं. माळरानावर ते किती पिकेल, त्यावर इंजिन चालेल का, हे वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनी ठरेल. फांदी पिळून, मंत्र म्हणून नव्हे.

सोमी मोळी फेकून पाड्याकडे धावत सुटली, मी तिच्या मागे. अर्धं शेत मोकळं झालं होतं. हिरवी कणसं बांधावर सुकत होती. ऐकलं तसा तिचा नवरा जिवल्या मटकन बसला. "मग आता खायाचं काय, गुरुजी?"

मी बांधावरची कणसं गोळा करायला लागलो. लोकहो, हात जोडण्याआधी विचारा, तपासा. उपटलेली नागली पुन्हा रुजत नाही.